सांगलीजवळ खात्रीचं शेणखत किंवा कंपोस्ट कुठं मिळेल? (एकरभर हळद आणि गच्चीवरच्या कुंड्या)

डिग्रजची सून | ९ मार्च

नमस्कार. कसबे डिग्रजला आमचं एकरभर रान आहे, नदीकडचं, काळंभोर. सासरे होते तोवर दावणीला दोन म्हशी आणि बैलजोडी होती. खत विकत आणायचं असतं हे आमच्या घरात कुणाला माहीतच नव्हतं. परड्यात उकिरडा होता, उन्हाळ्यात तो उपसून रानात पसरायचा आणि नांगरट करायची. २०१९ च्या महापुरात गोठा पडला. जनावरं वाचली, पण ठेवायची कुठं म्हणून ती विकली. म्हशी टेम्पोत चढवताना सासरे घरातनं बाहेर आले नाहीत. आता ते नाहीत. आम्ही विश्रामबागला राहतो, मी शाळेत शिकवते, शनिवार-रविवार रानात असते.

गेल्या वर्षी भाजीपाला करायचा ठरवून एका विक्रेत्याकडनं ५० किलोच्या ६० पिशव्या घेतल्या, ३५० रुपयाला एक. म्हणजे २१ हजार रुपये. पिशवीवर मोठ्या अक्षरात 'शंभर टक्के सेंद्रिय'. पिशवी फोडली तर काळंकुट्ट, भुसभुशीत, कसलाही वास नाही. मला वाटलं, सोनं मिळालं. पंधरा दिवसांत मिरचीच्या रोपांची पानं कडेनं करपायला लागली, जणू कुणी उदबत्ती टेकवली होती. मेथी तर उगवलीच नाही. पुढं पहिला पाऊस झाला, वरची माती धुऊन गेली आणि खाली काय काय होतं ते दिसलं. दुधाच्या पिशव्यांचे कातरलेले कोपरे, गोळ्यांच्या पाकिटांची चांदी, पेनचं टोपण, काचा. सासूबाई रानात अनवाणीच चालतात, आयुष्यभर तशाच चालल्या. त्यांच्या तळव्यातनं मी काच काढली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "आपल्या रानात काच कुठनं आली गं?" त्या प्रश्नाला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

यंदा अक्षय्य तृतीयेच्या सुमारास सेलम हळद लावायची आहे. नऊ महिन्यांचं पीक, खत चुकलं तर वर्ष गेलं. सांगली-मिरज-पलूस या टापूत तुम्ही खत कुठनं घेता? मुख्य म्हणजे पैसे देण्याआधी ओळखायचं कसं? गच्चीवरच्या तीसेक कुंड्यांसाठीही थोडं लागेल.

---

सातारची गच्ची | ९ मार्च

ताई, काचेचं वाचून अंगावर काटा आला. शहराच्या कचऱ्यापासून केलेलं कंपोस्ट सगळंच वाईट नसतं, ओला कचरा घरातच वेगळा झाला असेल तर ते चांगलं निघतं. सरकारचं 'हरित महा सिटी कंपोस्ट' या नावाने नगरपालिकांचं खत येतं, तेही तपासणीचा अहवाल बघून घ्या. पण सगळा कचरा एकत्र कुजवून मग चाळलेलं खत मात्र घेऊ नका. चाळणीतनं बारीक काच खाली येतेच.

कुंड्यांसाठी गांडूळ खत विकत घ्यायचं तर महिला बचत गटाकडनं घ्या, आणि बेड (गांडुळं सोडलेला वाफा) बघायला येऊ का असं आधी विचारा. मी ज्यांच्याकडनं घेते त्या बाईंनी पहिल्याच दिवशी बेडवरचं पोतं बाजूला करून हात घालायला लावला. आत गार, ओलसर, आणि वास वळवाच्या पहिल्या सरीनंतर येतो तसा. खत चहाच्या पत्तीसारखं दाणेदार. तेव्हापासून दुसरीकडं गेले नाही.

---

पलूसचा द्राक्षवाला | १० मार्च

वहिनी, राम राम. आमची दोन एकर बाग आहे आणि थोडा ऊस. दरवर्षी खत घेतोच, त्यामुळं जे शिकलो ते सगळं सांगतो. जरा लांब होईल.

पिशवीतलं खत एकराला परवडत नाही, तो नाद सोडा. हळदीला चार-पाच ट्रॉल्या तरी पाहिजेत. ते गोठ्यावरनंच घ्यायचं. तुमच्या डिग्रजच्या, दुधगावच्या, समडोळीच्या बाजूला दहा-पंधरा जनावरांचे गोठे पुष्कळ आहेत. ज्याच्याकडं स्वतःचं रान कमी आणि जनावरं जास्त, तो खत विकतो. दूध संकलन केंद्रावर सकाळी जाऊन उभं राहा, तासाभरात पाच जणांचे पत्ते मिळतील. फोनवर सौदा करू नका. उकिरड्यावर स्वतः जा.

गेल्यावर पहिलं काम, पहार मागा. ढिगात मधोमध हातभर खुपसून दहा मिनिटं तशीच ठेवा. तोवर चहा घ्या. मग पहार ओढून मूठ लावा. चटका बसला तर खत अजून पेटलेलं आहे, नुसती ऊब असली तर थोडं थांबावं लागेल, गार असली तर तयार. नंतर ढीग मधनं फोडायला सांगा. वरचं खत सगळ्यांचंच चांगलं दिसतं. आत शेणाच्या पोवट्या जशाच्या तशा दिसल्या, पांढरी बुरशी दिसली किंवा डोळ्यात पाणी येईल असा वास आला, तर ते कच्चं आहे. कच्चं शेणखत म्हणजे हुमणीला, मुळं खाणाऱ्या अळीला, आमंत्रण. हळदीत हुमणी शिरली की कंद पोखरते, आणि मागनं कंदकुज येते. २०१६ ला मी घाईनं कच्चं टाकलं होतं, उसाची बेटं हातानं उपटून यायची, मुळं खाल्लेली. खताची ट्रॉली स्वस्त मिळाली होती, ऊस गेला.

दुसरं, भरताना तिथं हजर राहा. हल्ली जेसीबीनं भरतात. बकेट तळाला गेलं की उकिरड्याखालचा मुरूम आणि माती ट्रॉलीत येते, आणि ती माती तुम्ही शेणखताच्या भावानं घेता. त्यातनंच लव्हाळ्याच्या गाठी आल्या तर दहा वर्षं भांगलत बसाल. मी भरणाऱ्याला आधीच सांगतो, तळाचा वीतभर थर तिथंच सोडायचा. भाव ट्रॉलीवर ठरतो, वजनावर नाही, म्हणून ट्रॉलीची लांबी-रुंदी-उंची टेपनं मोजून घ्या. १०० घनफूट म्हणजे एक ब्रास. दोन ट्रॉल्यांत निम्म्याचा फरक असतो. गोठ्यात पाण्यानं धुतलेलं चिखलासारखं खत असेल तर तुम्ही पाण्याचं भाडं भरताय.

आता माझ्या मनातली गोष्ट. तुमचं रान आत्ता रिकामं असेल तर बकरी, म्हणजे मेंढरं, बसवा. आटपाडी, जत, माणकडचे धनगर दिवाळीनंतर नदीकाठाला उतरतात आणि पावसापर्यंत इकडंच असतात. दोन-तीनशे मेंढरांचा कळप रात्री रानात वाघर (जाळीचं कुंपण) लावून बसवतात, दर रात्री वाघर पुढं सरकवायची. लेंडी पडते, मूतही तिथंच मुरतं, आणि वाहतुकीचा खर्च शून्य. मोबदला रोख किंवा ज्वारी, जसं ठरेल तसं. आमच्याकडं येणारे मामा माझ्या वडिलांच्या वेळेपासनं येतात. वाघरीच्या बाजूला चूल मांडतात, पहाटे मेंढरं उठली की रानावर वाफ दिसते. ते गेले की त्याच दिवशी पाळी घाला, म्हणजे कुळवानं मातीत मिसळा, उन्हात उघडं ठेवलं तर निम्मा कस उडून जातो. लेंडीखताचा जोर दुसऱ्या वर्षीपण दिसतो, हे मी बागेत बघितलंय.

पोल्ट्रीचं खत कुणी स्वस्तात देतो म्हटलं तर हळदीला थेट टाकू नका. फार उष्ण असतं. टाकायचंच तर शेणखतात मिसळून पाणी मारून तीन-चार महिने कुजवा.

---

माती परीक्षक (निवृत्त) | १० मार्च

तीस वर्षे माती तपासण्यात गेली, त्यामुळे मिरचीच्या पानाच्या कडा करपल्या हे वाचताच क्षार डोळ्यांसमोर आले. ताई, नदीकाठच्या काळ्या रानाला आधीच निचरा कमी. वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांत हजारो एकर अशी क्षारपड होऊन पडलेली आहे. त्यात खारट खत घालणे म्हणजे जखमेवर मीठच.

खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये सेंद्रिय खतांचे निकष दिले आहेत. शहरी कंपोस्टमध्ये सेंद्रिय कर्ब (कार्बन) किमान १२ टक्के, कर्ब-नत्र गुणोत्तर २० पेक्षा कमी आणि विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचे माप, ४ पेक्षा जास्त नको. गांडूळ खतात कर्ब किमान १८ टक्के. पिशवीवर उत्पादकाचा पत्ता, बॅच आणि हे आकडे छापलेले नसतील, नुसते 'शंभर टक्के सेंद्रिय' असेल, तर ती पिशवी तिथेच ठेवून या. तो शब्द छापायला काही लागत नाही.

आता घरी करण्यासारख्या तीन गोष्टी सांगतो. प्रयोगशाळेची जागा त्या घेणार नाहीत, पण फसवणूक नक्की पकडतील.

पाण्याच्या फिल्टरवाल्याकडे टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायची पेनसारखी कांडी असते, शेजारीपाजारीही सापडेल. एक वाटी खत, पाच वाट्या फिल्टरचे किंवा बॅटरीचे शुद्ध पाणी. अर्धा तास ढवळत राहा, गाळा, कांडी बुडवा. आकडा साधारण २००० च्या पुढे गेला तर ते खत तुमच्या रानाचे नाही. नळाच्या पाण्यात करू नका, त्याचे स्वतःचे क्षार मिसळतात.

दुसरी, जाळून बघणे. खत उन्हात खडखडीत वाळवा. सोनाराच्या काट्यासारख्या लहान काट्यावर १०० ग्रॅम मोजा. जुन्या पत्र्याच्या डब्यात घालून चुलीवर लालबुंद होईपर्यंत, धूर पूर्ण थांबेपर्यंत तापवा, मधून मधून हलवा. गार झाल्यावर पुन्हा वजन करा. जळून गेले ते सेंद्रिय, उरली ती माती आणि राख. सेंद्रिय पदार्थात कर्ब ढोबळमानाने ५८ टक्के धरतात, म्हणजे १८ टक्के कर्ब असलेल्या खताचे १०० ग्रॅममधले ३१ ग्रॅम जळायला हवेत, १२ टक्के असेल तर २० ते २१ ग्रॅम. नव्वद ग्रॅम शिल्लक राहिले तर तुम्ही माती विकत घेतलीत. बगॅसची (उसाच्या चिपाडाची) राख मिसळून काळे केलेले खत यात लगेच उघडे पडते, कारण राख पुन्हा जळत नाही.

तिसरी, उगवण. निम्मी माती निम्मे खत असे एका डब्यात, नुसती माती दुसऱ्या डब्यात, दोन्हींत मेथीचे वीस वीस दाणे. पाच-सहा दिवसांत मेथी सांगेल.

आणि गावातच कसबे डिग्रजला कृषी विद्यापीठाचे हळद संशोधन केंद्र आहे, 'कृष्णा' आणि 'फुले स्वरूपा' ही वाणे तिथलीच. बेणे निवडण्याआधी एक चक्कर मारा. कांचनपूरच्या कृषी विज्ञान केंद्रातही विचारा.

---

वाळव्याचा ऊसवाला | ११ मार्च

वर कुणी प्रेसमडचं, म्हणजे साखर कारखान्यात उसाचा रस गाळून उरणाऱ्या गाळाचं, लिहिलं नाही म्हणून सांगतो. एक टन ऊस गाळला की ३० ते ४० किलो प्रेसमड निघतं, आणि आपल्या भागात कारखान्यांना तोटा नाही. रस शुद्ध करताना चुना वापरतात, त्यामुळं त्यात कॅल्शियम असतं आणि चोपण (सोडियम वाढून घट्ट झालेल्या) रानाला ते मानवतं. पण ताजं प्रेसमड कधीच टाकू नका. ढिगात हात घालवत नाही इतकं तापतं, त्यात मेणही असतं, लवकर कुजत नाही. शेणाची स्लरी शिंपडत, ढीग दर पंधरवड्याला परतत तीन-चार महिने गेले तर खत होतं. तुमच्याकडं अक्षय्य तृतीयेपर्यंत तेवढा वेळ नाही. यंदा आणून ठेवा, पुढच्या वर्षी वापरा. कारखान्याच्या सांडपाण्यावर कुजवलेलं तयार बायोकंपोस्ट मिळतं, त्यात पालाश चांगला असतो पण क्षारही असतात. ती कांडी बुडवल्याशिवाय घेऊ नका.

---

डिग्रजची सून | २२ मार्च

सगळ्यांचे मनापासून आभार. गेले दहा दिवस मी आणि माझा मुलगा हेच करतोय.

आधी गेल्या वर्षीच्या खताबद्दल. एक पिशवी पायरीखाली पडून होती. सरांनी सांगितलं तसं वाळवून १०० ग्रॅम जाळलं. उरलं ८९ ग्रॅम. मुलानं काटा तीनदा तपासला. कांडीचा आकडा ३४०० आला. म्हणजे मी २१ हजार रुपये देऊन माती, राख आणि मीठ स्वतःच्या हातानं रानात पसरलं होतं. त्या रात्री मला झोप आली नाही. सर, त्या तुकड्यात आता काय करावं?

नंतर चार उकिरडे बघितले. पहिल्या ठिकाणी पहार हातात धरवेना. दुसऱ्या ठिकाणी मालकानं ढीग फोडायलाच नकार दिला, आम्ही तिथनं निघालो. तिसरं खत सुंदर, पण आत सलाईनच्या नळ्या आणि सुया सापडल्या, डॉक्टर जनावरांना देतात त्या. चौथं समडोळीच्या रस्त्याला, एक आजी आणि त्यांचा नातू बारा म्हशी सांभाळतात. आजींनी मला पहार स्वतः आणून दिली. "दीड वरसाचं हाय, वरनं पालापाचोळा झाकून ठिवलंय," म्हणाल्या. ढीग फोडला तर आतनं काळपट तपकिरी, मुठीत दाबलं की गोळा होतो आणि अंगठा लावला की विस्कटतो. हाताला शेणाचा वास नाही. सासूबाई सोबत होत्या. त्यांनी मूठभर उचलून नाकाजवळ नेलं, बराच वेळ तसंच धरलं, आणि म्हणाल्या, "ह्यांच्या उकिरड्यासारखं."

पाच किलो घरी आणून तिन्ही तपासण्या केल्या. जाळल्यावर ७० ग्रॅम उरलं. कांडी ९००. मेथी श्रीखंडाच्या डब्यांत लावली होती: नुसत्या मातीत २० पैकी १८, आजींच्या खतात १७, पिशवीतल्या खतात ४, आणि त्या चारांचीही टोकं पिवळी. डबे अजून गॅलरीच्या कठड्यावर ठेवलेत. वर्गातल्या मुलांना दाखवायला नेणार आहे.

पलूसच्या दादा, बकऱ्यांचं फार मनावर घेतलं आहे. तुमच्याकडचे मामा इकडं उतरतील का?

---

माती परीक्षक (निवृत्त) | २२ मार्च

ताई, काम चोख केलेत. जाळण्याचा आकडा उत्तम आहे, ते खत निःशंक घ्या.

खराब झालेल्या तुकड्यात यंदा हळद नको, ती क्षार सोसत नाही. आधी तिथला आणि चांगल्या भागातला असे मातीचे दोन नमुने वेगवेगळे तपासून घ्या. मग बांधाच्या कडेने उताराला चर काढा आणि पावसाचे पाणी वाहून जाऊ द्या, क्षार पाण्याबरोबरच जातात. चर न काढता नुसते पाणी भरलेत तर ते वाळताना क्षार पुन्हा वर येतील. ताग किंवा धैंचा ही हिरवळीच्या खताची पिके पेरून फुलावर यायच्या आधी गाडा. धैंचा अशा रानात तग धरतो. जिप्सम घालायचे की नाही ते अहवाल आल्यावर ठरवू. आधी घालू नका.

जनावरे नसलेल्या घराला नाडेप टाकी सोयीची. पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी ती काढली, म्हणून नाडेप. विटांची, १० फूट लांब, ६ रुंद, ३ उंच, भिंतीत हवेसाठी भोके सोडलेली. काडीकचऱ्याचे आणि मातीचे थर, आणि शेण फक्त १०० किलोच्या आसपास. तीन-चार महिन्यांत तीनेक टन खत होते. हळद काढल्यावर पाला पडेल तोच भरा.

---

पलूसचा द्राक्षवाला | २३ मार्च

मामांशी बोललो वहिनी. त्यांचा तळ सध्या भिलवडीच्या अलीकडं आहे. आठवड्यानं डिग्रजकडं सरकतील. चार रात्री बसतील, मेंढरं अडीचशे. पाण्याची सोय तेवढी बघा, आणि शेजारच्या रानात उभं पीक असेल तर त्यांना आधी सांगून ठेवा. हिशेब त्यांच्याशी समोरासमोर बोला, माणूस सरळ आहे.

आजींच्या खतात ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) मिसळून सावलीत आठ-दहा दिवस झाकून ठेवा, मग सरीत द्या. कंदकुजीला त्याचा उपयोग होतो.

---

डिग्रजची सून | २३ मार्च

बोअरचं पाणी आहे, हौदही भरून ठेवते. शेजारी कांदा होता तो काढून झालाय, तरी आज संध्याकाळी जाऊन सांगून येते. आजींकडनं चार ट्रॉल्या ठरल्या, टेपनं मोजून. पहिली रविवारी सकाळी भरायची आहे. सासूबाई म्हणतायत, मी पण येणार, तळाचा थर कोण बघणार?